साठ टक्के जास्त ताकद, सहा टक्के जास्त वेग

जर्मनीत एरा-लेसिएन इथे फोक्सवॅगन कंपनीचा चाचणी-ट्रॅक आहे. त्याचा सरळ भाग जवळपास नऊ किलोमीटर लांब. १९९८ मध्ये मॅकलारेन एफ-१ ने इथे ताशी ३८६.४ किमी वेग गाठला (त्यासाठी इंजिनाच्या फेऱ्यांवरची मर्यादा काढली होती). २००५ मध्ये बुगाटी व्हेरॉनने त्याच ट्रॅकवर ४०८.४७ किमी नोंदवले. एफ-१ ची ताकद ६२७ अश्वशक्ती, तर चार टर्बो लावलेल्या व्हेरॉनची १००१. ताकद साठ टक्के जास्त आणि वेग जेमतेम सहा टक्के! मग उरलेली ताकद गेली कुठे?

बरीचशी हवेत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्याला पुरून उरायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे सहा टक्के वेगासाठीच अठरा टक्के जास्त शक्ती लागते. शिवाय व्हेरॉन रुंद आहे. तिचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ सुमारे २.०७ चौरस मीटर, एफ-१ चं १.७९. विरोधगुणांकही ०.३२ च्या जागी ०.३६ च्या आसपास. हे सगळं गुणून पाहा: दीडपटीच्या थोडं वर उत्तर येतं. राहिलेला फरक मुख्यतः टायर आणि जास्तीचं वजन यांत जातो.

आता वजनाचं बघा. एफ-१ चं ११३८ किलो, व्हेरॉनचं १८८८. दर किलोमागे ताकद एफ-१ चीच किंचित जास्त भरते. तरी शून्यापासून १०० पर्यंत व्हेरॉन पुढे, कारण सुरुवातीला प्रश्न ताकदीचा नसतो, रस्त्यावरच्या पकडीचा असतो. व्हेरॉनची चारही चाकं ढकलतात, एफ-१ ची फक्त मागची दोन. उरलेली ताकद नुसता धूर काढते.

किमतीचं गणित मात्र उलटं चालतं. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या लिलावात १९९५ ची एक एफ-१ दोन कोटी डॉलरच्या वर गेली. व्हेरॉन साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्यात मिळते. एफ-१ एकूण १०६ बनल्या, व्हेरॉन ४५०. पण माझ्या मते तेवढंच कारण नाही. व्हेरॉनचं मोठेपण आकड्यांत होतं, आणि आकडे पुढे तिच्याच घरातल्या शिरॉनने मोडले. एफ-१ मध्ये टर्बो नाही, गिअर हाताने टाकायचे, चालक मधोमध बसतो. तशी गाडी तिचे डिझायनर गॉर्डन मरे यांनी नंतर टी.५० च्या रूपात पुन्हा केली, पण तीही मोजकीच.

पैसे जमवायला लागण्याआधी देखभालीचा विचार करा. व्हेरॉनच्या खास टायरांचा एक संच हजारो डॉलरांचा. एफ-१ तपासायला मॅकलारेनचे तंत्रज्ञ कित्येक वर्षं नव्वदीतला कॉम्पॅक लॅपटॉप जपून वापरत होते. आणि ती लिलावातली गाडी? २६ वर्षांत फक्त ३९० किलोमीटर चालली होती. विक्रमी वेगाने हे अंतर तासाभराचं आहे.