डिझेल गाडीचे टायमिंग आणि सेन्सर : बदलण्याआधी तपासा

आपल्या समाजातील पुष्कळ मुले गॅरेजच्या धंद्यात आहेत, आणि आपल्यापैकी पुष्कळ व्यापाऱ्यांचे नमुने, माल व वसुली डिझेल गाडीवर चालते. म्हणजे गाडी चुकीची दुरुस्त झाली तर दोन्ही बाजूंनी नुकसान आपलेच. मी कापडाचा व्यापारी, मेकॅनिक नव्हे. पण माझ्या गाडीवर बराच पैसा फुकट गेल्यावर एका जाणत्या उस्तादाजवळ बसून ही गोष्ट समजून घेतली, ती वाचक बांधवांपुढे ठेवतो.

झाले असे की सकाळी गाडी सुरू करताना इंजिनातून तीन-चार सेकंद खडखड येई, मग आवाज बंद. पुढे इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि घाटात ओढ कमी झाली. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, कोड आला पी-००१६. कॅम सेन्सर गेला म्हणून त्याने तो बदलला. आठ दिवसांत दिवा पुन्हा. मग क्रँक सेन्सर बदलला. दिवा पुन्हा. मग म्हणाला, इंजेक्टर उतरवू. तेव्हा मी गाडी तिथून काढली. त्याने फसवले असे मी म्हणत नाही. कोड त्याला वाचता आला, कोडाचा अर्थ आला नाही.

तो अर्थ कळण्यासाठी लूमकडे पाहावे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या माणसाला हे नवे नाही. साध्या लूमचा क्रँक शाफ्ट दोन फेरे करतो तेव्हा बॉटम शाफ्टचा एक फेरा होतो. ताणा उघडणे आणि धोटा मारणे या दोघांच्या मेळावर चालते. मेळ चुकला की धोटा ताण्यात अडकतो आणि तारा तुटतात. इंजिनातही हाच हिशेब आहे. क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक. दोघांना साखळी किंवा दातेरी रबरी पट्टा बांधून ठेवतो. फरक एवढाच की लूमच्या तारा जोडता येतात. इंजिनात मेळ फार चुकला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड उतरवावे लागते.

आता सेन्सरचे काम. क्रँक सेन्सर क्रँकबरोबर फिरणाऱ्या चक्राचे दात मोजतो. पुष्कळ गाड्यांत हे चक्र ६० दातांच्या मापाचे असून त्यातले २ दात मुद्दाम गाळलेले असतात. ती रिकामी जागा समोर आली की पिस्टन कुठे आहे हे कॉम्प्युटरला कळते. पण पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, एकदा हवा दाबायला आणि एकदा धूर बाहेर ढकलायला. यातली कोणती वेळ, हे कॅम सेन्सर सांगतो. सुरू होताना दोघांची गवाही मिळाली की मगच बहुतेक कॉमन रेल गाड्यांत इंजेक्टर डिझेल सोडतो.

पी-०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटची तक्रार, पी-०३४० म्हणजे कॅमच्या. सर्किट म्हटले की सेन्सर, त्याची वायर, प्लग आणि त्याला मिळणारा करंट, सगळे आले. पी-००१६ चे तसे नाही. त्यात दोन्ही गवाह बोलत असतात, फक्त त्यांचे बोलणे जुळत नाही. अशा वेळी गवाह बदलून काय होणार? साखळी लांबली आहे का, दात सरकला आहे का, टेन्शनर ढिला आहे का, हे आधी पाहिले पाहिजे.

उस्तादाची तपासणी बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरू झाली. स्टार्टर मारताना बॅटरी साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली जाते का? गेली तर सेन्सरही भलतेसलते सांगतात. प्लगमध्ये तेल उतरले आहे का, वायर कुठे घासली आहे का, सेन्सरच्या टोकाला लोखंडी चुरा चिकटला आहे का? दोन वायरचा चुंबकी सेन्सर असेल तर मल्टीमीटरने त्याचा रेझिस्टन्स थंड आणि गरम असा दोनदा मोजावा. गाडी गरम झाली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, अशी तक्रार बहुधा क्रँक सेन्सरची असते. त्यात स्टार्टर मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसतो. तीन वायरचा हॉल सेन्सर मात्र रेझिस्टन्सने तपासू नये. त्याचा करंट, अर्थ आणि सिग्नल पाहावा.

माझ्या गाडीत हे सर्व ठीक निघाले. तेव्हा त्याने स्टार्टरला हात लावू दिला नाही. ग्लो प्लग काढले, क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, चालते त्याच दिशेने, पुरे दोन फेरे फिरवले आणि लॉकिंग पिना लावून पाहिल्या. क्रँकची पिन बसली, कॅमची बसेना. साखळी लांबली होती. साखळी, गाइड आणि टेन्शनर एकदमच बदलले. आधीचे दोन्ही सेन्सर चांगलेच होते.

साखळी का लांबली, याचे उत्तर मला माझ्याच वहीत सापडले. सीझनच्या गडबडीत ऑइल दोनदा बदललेच नव्हते. पुष्कळ इंजिनांत टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल जुने झाले की तो ढिला पडतो आणि साखळीही झिजते. २००७ ते २०२० या काळात मारुतीच्या छोट्या डिझेल गाड्यांत आलेले १.३ लिटरचे फियाट इंजिन साखळीचेच आहे आणि त्या गाड्या आजही बाजारात हातोहात फिरतात. साखळीला बदलायची गरज नसते, असे दलाल सांगतो. ते ऑइल वेळेवर बदलणाऱ्याच्या गाडीपुरते खरे. रबरी पट्ट्याच्या गाडीत तर कंपनीने दिलेल्या किलोमीटरला पट्टा बदललाच पाहिजे, आणि बदलल्याचे बिल मागावे.

जुनी डिझेल गाडी घ्यायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर मालकाने ती अगोदरच सुरू करून ठेवली आहे. उद्या फज्रनंतर येतो म्हणून सांगा, आणि सुरू होतानाचे पहिले तीन-चार सेकंद कान देऊन ऐका.