शेलूच्या सांडपाण्याचा हिशेब

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्यामध्ये शेलू लागतं. मुंबई-ठाण्यात घर न परवडणारा माणूस गेल्या काही वर्षांत इथवर आला आणि भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. २०२४ मध्ये राज्य सरकारने गिरणी कामगारांसाठी शेलूत ३० हजार आणि वांगणीत ५१ हजार घरांची योजना पुढे आणली. घर मुंबईतच हवं, म्हणून कामगारांनी तिला विरोध केला आणि त्यांची मागणी मला रास्त वाटते. पण घरं कुणालाही मिळोत, एवढी वस्ती कागदावर आली की तिच्या मैल्याचा विचार पहिल्या दिवशी व्हायला हवा. आपल्याकडे तो ताबा देऊन झाल्यावर सुरू होतो.

हिशेब सोपा आहे. घरटी ५ माणसं धरली तर ३० हजार घरांत दीड लाख लोक. केंद्राच्या नियमपुस्तिकेप्रमाणे भुयारी गटारं असलेल्या गावाला माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं. म्हणजे रोज १ कोटी ६२ लाख लिटर. या पाण्यातली घाण कुजताना जो प्राणवायू खाते, तो बीओडी या मापाने मोजतात. माणशी दिवसाला २७ ग्रॅम धरले तर दीड लाखांचे होतात सुमारे चार टन. मैला तसाच सोडला तर हा चार टन प्राणवायू उल्हास नदीतून ओढला जाणार, आणि तोही रोज.

उन्हाळ्यात उल्हासला पाणी असतं ते मुख्यतः भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटलेलं. १९२२ पासून चाललेल्या या केंद्राला पाणी येतं घाटापलीकडच्या आंद्रा नदीचं, म्हणजे भीमा खोऱ्यातलं. ते आम्हाला परत द्या, अशी तिकडची मागणी आहे. इकडे राजनाल्यावरची उन्हाळी भातशेती त्याच्यावरच पिकते आणि खाली बदलापूरपासून कल्याणपर्यंतची शहरं नदीतून पिण्याचं पाणी उचलतात. कर्जत तालुक्यात पाऊस धो धो पडतो, तरी एप्रिल-मे महिन्यांत आदिवासी वाड्यांवर टँकरची वाट पाहतात. याच तालुक्यातल्या पोशीर आणि शिलार धरणांना २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. नव्या धरणाचं पाणी दिसतं, मग रोज हाताशी येणारे दीड कोटी लिटर का दिसू नयेत?

हे सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र कुठे बांधायचं, इथेच पहिली कसोटी लागते. मैला उताराने वाहत यावा, पंप कमी लागावेत म्हणून सखल जागा हवी, आणि शेलूत सखल जागा नदीकाठी. पण २७ जुलै २०१९ ला याच उल्हासच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. म्हणून टाक्या खाली चालतील, पण विजेचे पॅनेल, ब्लोअर आणि जनरेटर पूररेषेच्या वर हवेत. पावसाचं पाणी मलवाहिनीत शिरता कामा नये, नाहीतर जुलैत केंद्रात निम्मं पावसाचंच पाणी येईल.

आत घडतं ते असं. जाळ्या प्लास्टिक आणि चिंध्या अडवतात, पुढच्या टाकीत वाळू खाली बसते. मग मुख्य काम जिवाणूंचं. हल्ली एसबीआर पद्धत बरीच वापरतात. तीत एकाच टाकीत पाणी भरायचं, खालून हवा सोडायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचं निवळ काढून घ्यायचं. एक फेरा तीन-चार तासांचा. हवा फुंकणारे ब्लोअर केंद्राच्या विजेपैकी निम्मी किंवा जास्तही खातात. म्हणून स्वस्त ब्लोअर घेणारी निविदा पुढची पंधरा वर्षं महाग पडते. राहिला गाळ. सोलापूरकडे तो उघड्या वाफ्यांवर वाळतो, कोकणात चार महिने वाळणारच नाही. इथे छपराखाली सेंट्रिफ्यूज किंवा स्क्रू प्रेस लागतो, आणि अंदाजपत्रकातून नेमका तोच गळतो.

सगळी क्षमता एकदम बांधणंही चूक. लोक पाच-सात वर्षांत येत राहतात. मोठ्या टाकीत थोडाच मैला आला तर जिवाणू उपाशी राहतात. ४० लाख लिटरचे चार टप्पे करावेत, आणि मलवाहिनी आधी, केंद्र नंतर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीत देशातल्या शहरांचं सांडपाणी रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर, केंद्रांची क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्ष प्रक्रिया २०,२३६. बांधून ठेवलेली क्षमताही पुरती वापरली जात नाही, ही त्यातली सर्वांत दुखरी गोष्ट.

मैल्यातून काही मिळवण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. १८९७ च्या सुमारास मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्याच्या टाकीतला गॅस गोळा करून त्यावर इंजिन चालवलं होतं. अलीकडचं मोठं उदाहरण नागपूरचं. तिथल्या महापालिकेने भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं पाणी महानिर्मितीच्या कोराडी वीजकेंद्राला दिलं. पाण्याला गिऱ्हाईक होतं, म्हणून केंद्र चालू ठेवण्यात दोघांचाही स्वार्थ होता.

शेलूला वीजकेंद्र नाही. पण माणशी १३५ लिटरमधले ४५ लिटर फ्लशसाठी धरलेले असतात. दीड लाख लोकांचे होतात रोज साडेसदुसष्ट लाख लिटर. गाळून, क्लोरीन देऊन हेच पाणी संडासाच्या टाक्यांत परत गेलं तर तेवढं पिण्याचं पाणी वाचतं. त्यासाठी प्रत्येक इमारतीत दुसरी, वेगळ्या रंगाची नळवाहिनी हवी आणि ती पाया घालतानाच नकाशात असायला हवी. एकदा लोक राहायला आले की ३० हजार घरांच्या भिंती कुणी फोडणार नाही.