सिनेमाची फिल्म, फोटोची लॅब: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फिल्मवर फोटो काढणाऱ्यांमध्ये एक जुगाड हल्ली चांगलाच रुळला आहे. सिनेमाच्या निगेटिव्हचा ४०० फुटी डबा चार-पाच जणांनी वर्गणी काढून घ्यायचा आणि मिट्ट काळोखात ती फिल्म कापून रिकाम्या डब्यांत भरायची. एका डब्यातून ३६ फोटोंचे सत्तरेक रोल सहज निघतात, आणि तयार रोलपेक्षा ते बरेच स्वस्त पडतात. इथवर सगळं ठीक आहे. घोळ होतो तो रोल धुवायला टाकताना. लॅबवाला ‘हे आमच्याकडे होत नाही’ म्हणाला की त्याला नखरे सुचताहेत असं वाटतं. त्याच्या नकारामागची कारणं मात्र पक्की आहेत.

गैरसमज: फिल्म ३५ मिलिमीटरची आहे, म्हणजे कुठेही धुऊन मिळेल.

वस्तुस्थिती: रुंदी तीच असली तरी रसायन वेगळं असतं. फोटोच्या रंगीत निगेटिव्हसाठी सी-४१ ही प्रक्रिया आहे. तिच्यात सीडी-४ नावाचं डेव्हलपिंग रसायन वापरतात, तापमान ३७.८ अंश सेल्सिअस आणि वेळ सव्वातीन मिनिटं. कोडॅकच्या व्हिजन३ सारख्या सिनेमाच्या निगेटिव्हसाठी ईसीएन-२ ही प्रक्रिया आहे. तिच्यात सीडी-३ लागतं, तापमान ४१.१ अंश आणि वेळ तीन मिनिटं. फिल्ममधले रंग तयार करणारे घटक ज्या त्या रसायनाशी जुळवलेले असतात. शिवाय ईसीएन-२ मध्ये सगळ्यात आधी एक पायरी असते, ती सी-४१ च्या यंत्रात मुळातच नाही. खरा धोका तिथे आहे.

गैरसमज: पाठीवरचा काळा थर पाण्यात आपोआप निघून जातो.

वस्तुस्थिती: या थराला रेमजेट म्हणतात. फिल्मच्या पाठीवर बारीक काजळी एका चिकट पदार्थात कालवून लावलेली असते. फिल्ममधून आरपार गेलेला प्रकाश उलटून परत येऊ न देणं, कॅमेऱ्यात सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने धावताना ठिणगी पडू न देणं आणि ओरखडे टाळणं, ही त्याची कामं. सिनेमाच्या लॅबमध्ये फिल्म आधी टाकणखाराच्या अल्कधर्मी द्रावणातून जाते. त्यात थर सुटा होतो, मग पाण्याच्या फवाऱ्याने तो धुऊन काढतात. डेव्हलपरची पाळी त्यानंतर येते.

फोटो लॅबच्या यंत्रात फिल्म थेट डेव्हलपरमध्ये उतरते. डेव्हलपर अल्कधर्मीच असतो, त्यामुळे काजळी तिथेच अर्धवट सुटते आणि टाकीत तरंगते, रुळांना चिकटते, पुढच्या टाक्यांत जाते. मग रांगेत मागून येणाऱ्या प्रत्येक रोलवर तिचे ठिपके उमटतात. तुमचा रोल बिघडला तर तो तुमच्या कर्माने. पण मागून आलेल्या रोलवर कुणाचं बारसं असेल, कुणाच्या आजीचा शेवटचा फोटो असेल. त्यांचा काय दोष? लॅबला यंत्र बंद ठेवावं लागतं, रसायन ओतून द्यावं लागतं, रूळ काढून घासावे लागतात.

गैरसमज: डबीवर सी-४१ छापलंय, मग काही बोलायची गरज नाही.

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त नुकसान याच समजाने होतं. हाताने भरलेले रोल बहुधा लॅबमधून उचललेल्या जुन्या डब्यांत भरलेले असतात. बाहेर एका कंपनीचं साध्या फिल्मचं रंगीत लेबल आणि आत सिनेमाची निगेटिव्ह. काउंटरवरचा माणूस लेबल वाचणार आणि रोल यंत्रात सारणार.

संशय आला तर ओळख पटवणं अवघड नाही. रोलची बाहेर आलेली जीभ तशीही उजेड लागून वाया गेलेली असते. तिचा बोटभर तुकडा कापून पाठ पाहा. साध्या फिल्मची पाठ गुळगुळीत, चमकदार असते, तर रेमजेटची काळीभोर आणि निस्तेज. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून तो तुकडा मिनिटभर बुडवा आणि पांढऱ्या फडक्याने पाठ पुसा. फडकं काळं झालं तर तो रोल सी-४१ च्या यंत्राजवळही नेऊ नका.

गैरसमज: सिनेमाची फिल्म म्हटली की रेमजेट आलाच.

वस्तुस्थिती: नेहमीच नाही. कोडॅकच्या ५२२२ डबल-एक्स या कृष्णधवल सिनेनिगेटिव्हवर रेमजेट नसतो, त्यामुळे यंत्राला काजळी लागत नाही. पण ती सी-४१ मध्ये टाकली तर रोल कोरा होऊन परत येतो. कृष्णधवल फिल्ममधली प्रतिमा चांदीची असते आणि सी-४१ मधलं ब्लीच व फिक्सर सगळी चांदी काढून टाकतात.

सिनेस्टिल ८००टी सारख्या रोलमध्ये रेमजेट विकण्याआधीच काढलेला असतो. दिव्यांभोवती लालसर वलय दिसतं ते त्यामुळेच. कोडॅकनेही २०२५ मध्ये व्हिजन३ मधला रेमजेट हटवून त्याऐवजी इमल्शनखाली प्रकाश रोखणारा थर द्यायला सुरुवात केली. कोडॅकच्या या नव्या फिल्मने यंत्र काळं होत नाही, पण तिची ठरलेली प्रक्रिया ईसीएन-२ च राहते. सी-४१ मध्ये धुतल्यास कॉन्ट्रास्ट वाढतो आणि रंग सरकतात. शिवाय जुना साठा अजून लोकांच्या फ्रीजमध्ये आहेच. त्यामुळे ‘नवीन आहे’ एवढ्या शब्दावर विसंबून चालत नाही.

गैरसमज: धोका फक्त रसायनाचा.

वस्तुस्थिती: हाताने भरलेला कुठलाही रोल यंत्रात अडकू शकतो, मग आत साधी फिल्म का असेना. जुन्या डबीतून बाहेर डोकावणाऱ्या तुकड्याला नवी फिल्म चिकटपट्टीने जोडायची, ही सर्रास पद्धत. पट्टी कच्ची असेल तर फिल्म कॅमेऱ्यातच सुटते, आणि जोड यंत्रात गेला तर गरम रसायनात गोंद विरघळून फिल्म मध्येच थांबते. हात सैल सोडून ४०-४२ फोटोंची फिल्म कोंबली तर तिचं गुंडाळणं घट्ट होतं आणि ओरखडे पडतात.

गैरसमज: हे खूळ आत्ताचं.

वस्तुस्थिती: अमेरिकेत सिअ‍ॅटल फिल्मवर्क्स या कंपनीने १९८० च्या दशकात हीच फिल्म छोट्या डब्यांत भरून टपालाने घरोघर विकली. एकाच रोलवरून प्रिंट आणि स्लाइड दोन्ही मिळतील, ही त्यांची जाहिरात. नेहमीच्या फोटो लॅबला तो रोल धुता येत नसे, त्यामुळे गिऱ्हाईक पुन्हा त्यांच्याकडेच यायचं. तिथे निदान डबीवर प्रक्रियेचं नाव वेगळं छापलेलं असे.

मग करायचं काय?

सिनेमाची फिल्म वापरू नका, असं कुणीच म्हणत नाही. रोल भरतानाच जुनं लेबल खरवडून काढा किंवा त्यावर कागद चिकटवा. त्यावर फिल्मचं नाव, रेमजेट आहे की नाही, प्रक्रिया आणि अंदाजे किती फोटो, हे ठळक लिहा. ईसीएन-२ करणाऱ्या लॅबला आधी फोन करा आणि रोल हाताने भरलेला आहे, हेही सांगा. अशी लॅब जवळपास नसेल तर घरच्या टाकीत सोड्याचं द्रावण आणि ईसीएन-२ चं किट वापरून धुता येतं; तिथे काही चुकलं तरी नुकसान तुमच्यापुरतंच राहतं. आणि भरलेला रोल मित्राला दिलात तर लेबलासकट द्या, कारण धुवायला तो टाकणार आहे आणि काउंटरवर त्यालाच विचारणार आहेत.