रक्ताची साक्ष आणि तिचा अर्थ

रक्ताची परीक्षा म्हणजे न्यायाधीशाचा निकाल, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती एका साक्षीदाराची जबानी होय; आणि साक्षीदार प्रामाणिक असूनहि त्याची ओळखण्यांत चूक होऊं शकते. उपदंशाची परीक्षा हें याचें ठळक उदाहरण आहे.

इ. स. १९०६ मध्यें बर्लिन येथें वासरमान व त्यांचे सहकारी यांनीं ही परीक्षा प्रथम सिद्ध केली. तिच्यासाठीं उपदंशग्रस्त अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरीत. पुढें लवकरच असें आढळलें कीं, बैलाच्या निरोगी हृदयाचा अर्कहि तेंच काम करतो. म्हणजे परीक्षेला जंतु दिसतच नव्हता! अर्कांतील एका स्निग्ध द्रव्याविरुद्ध रुग्णाच्या रक्तांत प्रतिद्रव्यें आहेत कीं नाहींत, एवढेंच ती सांगत होती. १९४१ मध्यें मेरी पँगबोर्न या अमेरिकन विदुषीनें तें द्रव्य वेगळें काढलें. त्यास 'कार्डिओलिपिन' म्हणतात. आजची 'व्ही. डी. आर. एल.' परीक्षा त्यावरच आधारलेली आहे.

आतां 'ल्युपस'सारख्या रोगांत शरीराचे रक्षकच स्वतःच्या घरावर उलटतात. त्या वेळीं उपदंशाचा जंतु नसतांनाहि तशींच प्रतिद्रव्यें उत्पन्न होऊं शकतात, आणि परीक्षेस दोहोंतील भेद कळत नाहीं.

खरी शोकांतिका पुढेंच आहे. याच जातीच्या प्रतिद्रव्यांमुळें रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढते, व कांहीं स्त्रियांचा वारंवार गर्भपात होतो. उपदंशामुळेंहि गर्भ दगावतो, हें सर्वांस ठाऊक. मग रिकामा पाळणा आणि रक्ताची प्रतिकूल साक्ष एकत्र आल्यावर निरपराध पतिपत्नींनीं एकमेकांकडे संशयानें पाहावें, यांत नवल काय? १९८३ मध्यें लंडनच्या डॉ. ग्रॅहॅम ह्यूज यांनीं या विकाराचें वर्णन केलें. आज वैद्यांच्या देखरेखीखालीं अल्प प्रमाणांत ॲस्पिरिन व हेपॅरिन देऊन अशा कित्येक मातांची कूस उजवते.

तेव्हां पहिली साक्ष प्रतिकूल आली, तर 'टी. पी. एच. ए.' सारखी प्रत्यक्ष त्या जंतूविरुद्धचीं प्रतिद्रव्यें शोधणारी दुसरी परीक्षा करवावी. ल्युपसमध्यें क्वचित् तीहि फसते. शिवाय ल्युपसच्या रोग्यास खराखुरा उपदंशहि होऊं शकतो. म्हणून लक्षणें व पूर्ववृत्त पाहून अखेरचा निर्णय वैद्यानेंच द्यावा. आणि उपदंश नाहीं असें ठरलें, तरी तो कागद फेकून देऊं नये. येऊं घातलेल्या ल्युपसची ती पहिली सूचनाहि असूं शकते.

कागदावरील एका शब्दानें संसार मोडूं नये, एवढीच विनंति.