मका गेला इथेनॉलला, चोथा आला पेंडीच्या पोत्यात. सोयाबीनच्या भावाचं गणित कुठं बिघडलं?

किराणा दुकानात सोयाबीनचं तेल महाग आणि मोंढ्यात सोयाबीन स्वस्त, असं कसं? पारावर, चहाच्या टपरीवर हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच. मी पण शेतकरी आहे, मका आणि सोयाबीन दोन्ही करतो, त्यामुळं हा प्रश्न माझा पण आहे. याच्या उत्तराचा मोठा भाग कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात सापडतो. त्या खाद्यात गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवीन माल घुसला आहे. त्याचं नाव डीडीजीएस.

आधी काय होतं?

आपल्या देशात मका माणसं कमी खातात, कोंबड्या आणि जनावरं जास्त. मक्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे पोल्ट्री. कोंबडीच्या १०० किलो खाद्यात साधारण ६० किलो मका असतो, तो ताकदीसाठी. २५ ते ३० किलो सोयापेंड असते, ती प्रथिनांसाठी, म्हणजे प्रोटीनसाठी. म्हणून पोल्ट्री जोरात चालली की मका आणि सोयाबीन या दोन्ही पिकांना उठाव मिळायचा.

२०२३ मध्ये काय बदललं?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं सरकारनं ठरवलं होतं. आधी हे इथेनॉल मुख्यतः उसापासून आणि तांदळापासून व्हायचं. जुलै २०२३ मध्ये अन्न महामंडळानं इथेनॉलसाठी तांदूळ देणं थांबवलं. त्या वर्षी पावसानं ओढ दिली, म्हणून डिसेंबरमध्ये उसाच्या रसावरही बंधनं आली. राहिला मका. जानेवारी २०२४ मध्ये तेल कंपन्यांनी मक्याच्या इथेनॉलचा दर वाढवून लिटरला ७१ रुपये ८६ पैसे केला.

आता हिशोब बघा. एक क्विंटल मक्यापासून साधारण ३८ लिटर इथेनॉल निघतं. म्हणजे नुसत्या इथेनॉलचेच २,७३० रुपयांच्या आसपास झाले. कारखाने मक्यावर तुटून पडले, भाव चढले आणि पोल्ट्रीवाल्यांची ओरड सुरू झाली. एरवी मका बाहेर विकणारा आपला देश २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनकडून मका आणू लागला.

डीडीजीएस म्हणजे काय?

मक्याच्या दाण्यात बहुतेक भाग पिठाचा, म्हणजे स्टार्चचा असतो. कारखान्यात दाणा भरडतात, शिजवतात आणि आंबवतात. त्यात स्टार्चची दारू होते, तेच इथेनॉल. मागं जो चोथा राहतो, तो वाळवला की झालं डीडीजीएस. क्विंटलमागे ३० किलोच्या आसपास चोथा मिळतो.

दाण्यातलं प्रोटीन जळत नाही, ते चोथ्यातच राहतं. मक्यात १०० किलोला ९ किलोच्या आसपास प्रोटीन असतं, तर चोथ्यात ते २६ ते ३० किलोपर्यंत जातं. तांदळाच्या चोथ्यात तर ४० च्या पुढं. सोयापेंडीत ४५ च्या वर असतं. पण चोथा स्वस्त पडतो, म्हणून खाद्य बनवणाऱ्यांनी सोयापेंड कमी करून तिथं चोथा घालायला सुरुवात केली.

सोयाबीनला फटका कसा बसला?

१०० किलो सोयाबीन गाळलं तर तेल निघतं १८ किलोच्या आसपास आणि पेंड निघते ८० किलोच्या आसपास. म्हणजे आपलं सोयाबीन तेलापेक्षा पेंडीवर जास्त चालतं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं बाहेरच्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. तेल महागलं, पण सोयाबीन वर आलं नाही. त्या वर्षी हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात ४ हजार ते साडेचार हजारांत माल द्यावा लागला. पेंडीलाच उठाव नव्हता, तर भाव चढणार कुठून?

सगळा दोष चोथ्याचा नाही, हे पण सांगितलं पाहिजे. ब्राझील, अर्जेंटिनाची पेंड जगाच्या बाजारात आपल्यापेक्षा स्वस्त आहे, त्यामुळं आपली निर्यात मंदावते. पण बाहेर गिऱ्हाईक नाही आणि घरातलं गिऱ्हाईक चोथ्याकडं वळलं, असा दुहेरी मार बसला.

मग मकाच लावायचा का?

बऱ्याच जणांनी तेच केलं. २०२५ च्या खरिपात देशात मक्याचं क्षेत्र वाढलं, सोयाबीनचं घटलं. पण त्याच वर्षी जानेवारीत सरकारनं इथेनॉलसाठी तांदूळ २,२५० रुपये क्विंटलनं परत सुरू केला होता. मका भरपूर आणि वर स्वस्त तांदूळ. दिवाळीच्या सुमारास मका बाजारात आला तेव्हा अनेक ठिकाणी २,४०० चा हमीभाव मिळाला नाही. कर्नाटकात शेतकरी रस्त्यावर उतरले. तेव्हा पेरणीआधी नुसता गेल्या वर्षीचा भाव बघून भागणार नाही. तांदूळ कारखान्यांना मिळणार का, इथेनॉलचा दर काय, हे पण बघावं लागेल.

गोठा असणाऱ्यांसाठी

चोथा वाईट नाही, गाई-म्हशींना चालतो. पण एक धोका आहे. ओल्या मक्यावर बुरशी येते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. आंबवताना ते नष्ट होत नाही. जसं प्रोटीन तिप्पट होतं, तसं हे विषही चोथ्यात तिपटीपर्यंत जातं. जनावराच्या पोटातून ते दुधात उतरतं. दुधात त्याची मर्यादा किलोमागे फक्त ०.५ मायक्रोग्रॅम आहे.

म्हणून सुटा चोथा घेताना विक्रेत्याकडं तपासणीचा रिपोर्ट मागा. कुबट वास, गाठी असल्या तर घेऊ नका. काळपट, करपलेला माल पण नको, त्यातलं प्रोटीन जनावराला नीट लागत नाही.

आणि मका विकणाऱ्यांनी ओलावा १४ टक्क्यांच्या आत आणूनच माल न्यावा. मागच्या हंगामात मी घाईनं १८ चा माल नेला आणि क्विंटलमागं चांगलाच कट खाल्ला. दोन दिवसांचं ऊन द्यायला हवं होतं. ज्यांच्याकडं जनावरं आहेत त्यांनी थोडा मका दाणा चिकात असताना मुरघासाला ठेवावा. त्याला मोंढ्याचा भाव लागत नाही.