फ्लॉपनंतरची चढाई

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेली पानं मिळतात. पैसे लावण्याची पहिली फेरी संपली की टेबलावर तीन पानं उघडतात, हा फ्लॉप. हातातली दोन पानं जोडीची नसतील, तर फ्लॉपवर किमान एक जोडी जुळण्याची शक्यता साधारण तीनात एक. म्हणजे आपलं जुळलं नसेल, तसं समोरच्याचंही बहुधा नसतंच. पहिल्या फेरीत रक्कम वाढवणारा खेळाडू नेमका याचा फायदा घेत पुन्हा पैसे लावतो. ही कंटिन्युएशन बेट, म्हणजे चढाई चालू ठेवणं.

पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेत, १०० रुपये असताना ५० लावले, तर समोरच्याने तीन वेळांपैकी एकदा पानं टाकली तरी आपलं नुकसान नाही, हातात काहीही नसलं तरी. पूर्ण १०० लावले तर मात्र त्याने निम्म्या वेळा माघार घ्यायला हवी. म्हणून मोठी रक्कम म्हणजे मोठा धाक, हा समज अर्धवटच.

एक्का-सत्ती-दुर्री अशी वेगवेगळ्या रंगांची पानं आली, तर चढाई शोभते. एक्का आपल्याकडे असेल असं समोरच्याला वाटतं. नव्वी-अठ्ठी-सत्ती आली, त्यातही दोन बदाम असले, तर हात आवरावा. समोर तिघे-चौघे असतील तेव्हाही तसंच, कुणाचं तरी बहुधा जुळलेलं असतं.

सर्वांत चांगली चढाई अर्ध्या थापेची. फ्लशसाठी लागणाऱ्या पाचपैकी चार बदाम जमलेत, पाचवा यायचाय: टेबलावर उघडायच्या उरलेल्या दोन पानांत तो येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. समोरचा घाबरला तर पॉट आपला, नाही घाबरला तरी बदाम येऊ शकतो.