जादा प्रकरणाची किंमत

एकाच कादंबरीच्या तीन-चार प्रती एकाच वाचकाने विकत घ्याव्यात आणि तरीही आपण ती कादंबरी पूर्ण वाचली की नाही याविषयी त्याच्या मनात शंका उरावी, ही अवस्था कोणा विनोदी लेखकाने कल्पिलेली नाही. ब्रिटन-अमेरिकेच्या ग्रंथव्यवहारात ती प्रत्यक्षात आलेली आहे. सारा जे. मास या अमेरिकन लेखिकेच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना फार मोठा वाचकवर्ग आहे. ब्लूम्सबरी या प्रकाशनसंस्थेने जानेवारी २०२४ मध्ये तिची ‘हाउस ऑफ फ्लेम अँड शॅडो’ ही कादंबरी बाजारात आणली, तेव्हा बार्न्स अँड नोबल आणि इतर दुकानसाखळ्यांसाठी स्वतंत्र आवृत्त्या काढल्या व त्यांत निरनिराळी जादा प्रकरणे घातली. एका दुकानातील प्रतीत जे प्रकरण, ते दुसऱ्या दुकानातील प्रतीत नाही. ज्याला सर्व प्रकरणे हवीत त्याने सर्व दुकाने पालथी घालावीत. वाचकांनी यावर जो त्रागा केला तो अनाठायी होता असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. मात्र त्या त्राग्याचे खरे कारण कोणते, हे जरा नीट तपासले पाहिजे.

पुस्तकाला अलंकार चढवून विकणे ही काही नवी गोष्ट नव्हे. चामडी बांधणी, सोनेरी कडा, लेखकाची स्वाक्षरी, क्रमांक घातलेली मर्यादित आवृत्ती हे सारे जुनेच आहे, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करू नये. ज्याला पुस्तक कपाटात मिरवायचे आहे त्याने मिरवण्याचे दाम मोजावेत. आज रंगवलेल्या कडांच्या प्रतींवर तरुण वाचकांच्या उड्या पडतात. तो छंद आहे, आणि छंदाला मोल असतेच. ब्लूम्सबरीनेच २०१७ मध्ये हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाला वीस वर्षे झाल्याचे निमित्त साधून त्या शाळेच्या चार ‘घराण्यां’च्या नावाने चार आवृत्त्या काढल्या होत्या व प्रत्येकीत त्या त्या घराण्याविषयीचा थोडा वेगळा मजकूर घातला होता. तेथवरही समजण्यासारखे होते, कारण मूळ कथा चारही ठिकाणी एकच होती आणि ती वीस वर्षे सर्वांच्या हाती होती. परंतु नव्या कादंबरीतील पात्रांचे पुढे काय झाले हे सांगणारे प्रकरणच जेव्हा एका दुकानाच्या गल्ल्याला बांधले जाते, तेव्हा प्रकाशक पुस्तकाचे वेष्टन विकत नसतो. तो संहितेचे तुकडे पाडून विकत असतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात मूल्यभेदाचे जुने तत्त्व दिसेल. एकच वस्तू घेणाऱ्या ग्राहकांपैकी कोणाला तिची ओढ कमी असते, कोणाला जास्त. ज्याची ओढ जास्त, तो प्रत्यक्ष किमतीपेक्षा अधिक मोजायला तयार असतो, आणि हे जे ‘अधिक’ त्याच्या खिशात राहते त्याला आपण उपभोक्त्याचे संतोषाधिक्य म्हणतो. विक्रेत्याची नजर नेहमी त्यावर असते. झ्यूल ड्युप्वी या फ्रेंच अभियंत्याने १८४९ सालीच रेल्वेच्या संदर्भात हे मर्म ओळखले होते. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे, ते छपराचा खर्च परवडत नाही म्हणून नव्हे. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्या प्रवाशाने तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून. गरिबाला त्रास देण्याचा हेतू नव्हता, श्रीमंताला भिववण्याचा होता. भिजला मात्र गरीबच. जादा प्रकरण नसलेली साधी प्रत ही अशीच बिनछपराची आहे. आठ पाने छापायला कितीसा खर्च येतो? ती वगळली जातात, कारण ती वगळल्यानेच दुसरी प्रत खपते.

आणि येथे पुस्तकाचा व्यवहार रेल्वेच्याही एक पाऊल पुढे गेला आहे. वरच्या वर्गाचा प्रवासी भाडे जास्त देतो, पण तिकीट एकच काढतो. जादा प्रकरणाची प्रत पुष्कळदा साध्या प्रतीच्याच किमतीला मिळते; प्रकाशकाचा नफा चढ्या किमतीत नसतो, प्रतींच्या संख्येत असतो. आठ पानांसाठी वाचकाने आधीच घेतलेली पाचशे पाने पुन्हा विकत घ्यायची. आपल्याकडे गॅसच्या जोडणीबरोबर शेगडीही आमच्याकडूनच घ्या, असा आग्रह विक्रेते धरीत, त्याची येथे आठवण व्हावी. फरक एवढाच की त्या शेगडीवर निदान स्वयंपाक तरी होई. एकाच कादंबरीच्या तिसऱ्या प्रतीवर काय शिजवायचे?

या प्रकाराचे सारे खापर प्रकाशकाच्या हावरटपणावर फोडणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. ब्रिटनमध्ये १९०० सालापासून ‘नेट बुक अॅग्रीमेंट’ नावाचा करार अमलात होता. प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीखाली कोणत्याही दुकानदाराने पुस्तक विकू नये, असे त्याचे सार. १९९५ मध्ये हा करार कोसळला आणि १९९७ मध्ये न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. त्यानंतर किराणा मालाची मोठी दुकाने व पुढे अॅमेझॉन यांनी गाजणाऱ्या पुस्तकांवर भरमसाट सवलती सुरू केल्या. निव्वळ पुस्तकांवर जगणाऱ्या दुकानाला त्या शर्यतीत टिकणे अशक्य होते. जेव्हा वस्तू हुबेहूब सारखी असते तेव्हा ग्राहक किंमत पाहतो, आणि किंमत पाहू लागला की तो स्वस्ताकडे जातो. हे टाळायचे तर वस्तू सारखी राहू द्यायची नाही. वॉटरस्टोन्ससारख्या साखळ्यांच्या ‘खास आमच्याकडेच’ आवृत्त्यांमागचे हे गणित आहे. पुस्तकांची दुकाने जगावीत असे ज्याला वाटते, त्याला हे गणित सर्वस्वी झिडकारता येत नाही.

पण मग किंमत बांधून दिली की प्रश्न सुटेल, असे कोणी म्हणेल. जपानचा अनुभव तसे सांगत नाही. तेथे १९५३ पासून पुस्तकांना मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट आहे आणि प्रकाशकाने ठरवलेली किंमतच सर्वत्र चालते. परंतु किमतीत स्पर्धा करता येत नाही म्हणूनच तेथील चित्रकथा व तरुणांसाठीच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या विकणारी दुकाने भेटवस्तूंत स्पर्धा करतात. या दुकानात चित्राचे कार्ड, त्या दुकानात त्याच लेखकाने लिहिलेली चार पानी लघुकथा. एकीकडे किंमत मोकळी म्हणून जादा मजकूर, दुसरीकडे ती बांधलेली म्हणून जादा मजकूर! अनेक दुकानांत एकच वस्तू असणे हेच दुकानदाराचे मूळ दुखणे आहे, आणि वाचकाच्या दृष्टीने नेमका तोच पुस्तकाचा मोठा गुण आहे. कुठल्याही दुकानातून घ्या, ग्रंथालयातून आणा, मित्राकडून मागा, पुस्तक तेच असते, या विश्वासावर वाचनसंस्कृती उभी आहे. दोघे वाचक एखाद्या कादंबरीविषयी वाद घालतात तेव्हा दोघांनी एकच कादंबरी वाचलेली आहे हे गृहीत असते.

ग्रंथालयांचा विचार केला म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य अधिक ध्यानात येते. व्हिक्टोरियन काळात इंग्रजी कादंबरी तीन खंडांत निघे व तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. ती सामान्य माणसाने घ्यावी अशी अपेक्षाच नव्हती. मुडीसारखी वर्गणीची ग्रंथालये ती घेत आणि एक कादंबरी एकाच वेळी तीन वर्गणीदारांना फिरवत. ती पद्धत १८९४ नंतर मोडली, आणि ती मोडली हे बरेच झाले. पण वर्गणीदाराला, उशिरा का होईना, तिन्ही खंड मिळून कादंबरी पूर्ण मिळत असे. आजचे सार्वजनिक ग्रंथालय एका कादंबरीच्या पाच दुकानांच्या पाच आवृत्त्या घेणार आहे काय? घेऊ नयेतच. म्हणजे ज्याला पुस्तक विकत घेणे परवडत नाही त्याच्या वाट्याला कायमची अपुरी संहिता येणार.

आपला संबंध दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. या कादंबऱ्या पुण्या-मुंबईत उत्साहाने वाचल्या जातात. बार्न्स अँड नोबल वा वॉटरस्टोन्स यांचे एकही दुकान भारतात नाही. येथील वाचकाने जादा प्रकरणाची प्रत परदेशातून, टपालखर्च सोसून मागवावी, नाही तर कोणीतरी काढलेली पानांची छायाचित्रे फोनवर वाचावीत. चोरवाट दाखवायची आणि मग चोरीबद्दल हळहळायचे, असा हा प्रकार आहे. मराठी प्रकाशकांनी आजवर निराळा मार्ग पत्करला, हे त्यांच्या श्रेयाचे म्हटले पाहिजे. प्रकाशनपूर्व सवलत ही आपली परिचित पद्धत. आधी पैसे भरणाऱ्याला पुस्तक स्वस्त मिळते. उत्सुक वाचकाला दंड नव्हे, बक्षीस. आणि नंतर पूर्ण किंमत देणाऱ्याच्या हातातही तीच पाने पडतात. ‘सुधारून वाढवलेली आवृत्ती’ हा प्रकार आपल्याकडे आहे खरा, आणि क्रमिक पुस्तकांत त्याचा गैरवापरही होतो. पण ती आवृत्ती सर्वांसाठी असते, एका दुकानासाठी नसते.

याबाबत आपल्या १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यातील एक तरतूद उद्बोधक आहे. प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला व अन्य ठरावीक ग्रंथालयांना द्यावी असा तो कायदा. पुढच्या आवृत्तीच्या मजकुरात किंवा चित्रांत काही भर वा बदल नसेल तर ती द्यावी लागत नाही. असेल तर द्यावी लागते. म्हणजे मजकुरात भर पडली की कायद्याच्या लेखी ती नोंद घेण्याजोगी नवी वस्तू ठरते. कडा रंगवल्याने तसे होत नाही. वाचकांना जो फरक मनोमन जाणवला, तो असा कायदे करणाऱ्यांनाही जाणवला होता.

दुकानांना खास आवृत्त्या खुशाल द्याव्यात. कडा, नकाशे, चित्रे, स्वाक्षऱ्या, सारे द्यावे. कथेचा भाग असलेला मजकूर द्यायचाच असेल तर त्याची मुदत पहिल्याच दिवशी प्रतीवर छापावी, सहा महिने म्हणा वा वर्ष, आणि त्यानंतर तो साध्या आवृत्तीच्या पुढील मुद्रणात सर्वांसाठी घालावा. आधी मिळवण्याची हौस असलेला वाचक तेवढ्यासाठीही प्रत घेईलच. ग्रंथालयाचा वाचक वर्षभर थांबेल. थांबण्याची त्याला सवय आहे.